मोबाइल नंबर म्हणजे माणूस नव्हे: प्रायमरी कीच्या एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

‘जो नंबर आधीच एकमेव आहे, त्याच्या शेजारी आणखी एक आयडी कशाला?’ असा प्रश्न विचारून सुरू होणारा एक मजकूर गेले काही महिने पुण्यातल्या सॉफ्टवेअर शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार जणांकडून आला. चौथा माझा भाचा. डेक्कनजवळच्या एका क्लासला जातो, प्रोजेक्ट म्हणून सदाशिव पेठेतल्या मेसचा हिशेब ठेवणारा डेटाबेस करतोय. मजकुराखाली त्याने लिहिलं होतं, ‘मावशी, हे बरोबर आहे ना? मी टेबलं अशीच केलीत.’

मजकुरात पाच मुद्दे आहेत. मोबाइल, आधार किंवा पॅन हीच खरी प्रायमरी की (टेबलातली प्रत्येक नोंद जिच्यावरून ओळखायची ते मूल्य), वेगळा आयडी लावणं हा आळस, हा पहिला. नंबर बदलला तरी ‘ऑन अपडेट कॅस्केड’मुळे तो सगळीकडे आपोआप बदलतो, हा दुसरा. आयडी नसला की जॉइन (दोन टेबलं जोडून वाचणं) वाचतात आणि क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जलद चालते, हा तिसरा. आयडी लावायचाच तर यूयूआयडी (कुठेही तयार केला तरी एकमेव ठरावा असा लांबलचक आयडी) लावा, कारण १, २, ३ असे आकडे ओळखून लोक दुसऱ्याची माहिती उघडतात, हा चौथा. आणि पाचवा असा की आयडीमुळेच डुप्लिकेट नोंदी होतात, खरी की असली तर त्या होतच नाहीत.

सतरा वर्षं मी डेटाबेसचं काम करते, आणि त्यातला बराचसा वेळ आधीपासून चालू असलेली टेबलं दुरुस्त करण्यात गेला आहे. भाच्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं जमलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पाचव्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे, तेव्हा त्याच्याकडे शेवटी सावकाश येते.

‘मोबाइल, आधार किंवा पॅन हीच खरी प्रायमरी की’

पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर दुरुस्तीला माझ्याकडे आलं, तेव्हा रुग्णांच्या टेबलाची प्रायमरी की मोबाइल नंबर होती. तक्रार अशी होती, की एका आजींच्या जुन्या रिपोर्टांमध्ये मधेच पीएसएचा रिपोर्ट दिसतो. पीएसए ही पुरुषांच्या प्रोस्टेटची तपासणी.

काउंटरवर अर्धा दिवस बसल्यावर उलगडा झाला. रिपोर्ट मुलाच्या फोनवर यावेत म्हणून आजी, आजोबा आणि नातू तिघंही एकच नंबर सांगत. पहिल्याची नोंद व्हायची. दुसऱ्याची करायला गेलं की सॉफ्टवेअर अडवायचं: हा नंबर आधीच आहे. समोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. मग काउंटरवरच्या ताई दोनपैकी एक करायच्या. जुनीच नोंद उघडून नाव बदलायच्या, म्हणजे आजींचे आधीचे सगळे रिपोर्ट त्या क्षणी आजोबांचे व्हायचे, आणि आजी पुढच्या वेळी आल्या की आजोबांचे आजींचे. नाहीतर नंबरातला शेवटचा आकडा एकाने वाढवायच्या, म्हणजे रिपोर्टची लिंक भलत्याच माणसाच्या फोनवर जायची. ताईंचा यात काही दोष नव्हता. खरं लिहायला टेबलात त्यांना जागाच ठेवलेली नव्हती.

मोबाइल नंबर जोडणीचा असतो. एका माणसाकडे दोन सिम असतात आणि एका सिमच्या आधाराने चार माणसं असतात. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, हे दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या टेबलातली की या दिवाळीला एकाची आणि पुढच्या दिवाळीला दुसऱ्याची असू शकते. त्या नव्या माणसाने तुमच्याकडे नोंदणी केली की त्याला आधीच्याची सगळी कुंडली हातात मिळते.

आधारचं काय? नंबर १२ आकडी, माणसागणिक एक, शेवटचा आकडा तपासणीचा, त्यामुळे टाइप करताना झालेल्या बहुतेक चुका पकडता येतात. की म्हणून कागदावर हा नंबर अगदी आदर्श दिसतो. पण प्रायमरी की एका टेबलात गप्प बसून राहत नाही. ती फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातून या नोंदीकडे बोट दाखवणारं मूल्य, होऊन दहा टेबलांत जाते, लॉगमध्ये जाते, यूआरएलमध्ये जाते, एक्सेलमध्ये जाते, तपासणीसाठी सहकाऱ्याला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्येही जाते. असा पसरणारा आकडा आधारचा असणं धोक्याचं आहे, आणि हे माझं एकटीचं मत नाही. आधार देणाऱ्या प्राधिकरणाने जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं, की आधार साठवणाऱ्या संस्थांनी तो ‘आधार डेटा व्हॉल्ट’ नावाच्या वेगळ्या, कूटबद्ध जागी ठेवावा आणि बाकीच्या सगळ्या सिस्टिममध्ये त्याच्या जागी ‘रेफरन्स की’ वापरावी. रेफरन्स की म्हणजे तोच वेगळा आयडी, ज्याला हा मजकूर आळस म्हणतो. शिवाय कालच जन्मलेल्या बाळाकडे आधार नसतो, आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांकडे पहिल्या दिवशी नसतो. त्यांची नोंद त्याच दिवशी करायची असते.

पॅनमध्ये दहा अक्षरं-आकडे. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’ आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो, म्हणजे कीमध्ये कोंबलेला अर्थ काही वर्षांनी खोटा ठरतो. एका माणसाला एकच पॅन असावा हा नियम आहे, पण नियम आणि वस्तुस्थिती यांत अंतर आहे म्हणूनच तर १९६१ च्या आयकर कायद्यात दुसरा पॅन बाळगणाऱ्याला दहा हजारांचा दंड सांगितला होता.

माणसं सोडा, वस्तूंचंही हेच. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही पुस्तकविक्रेत्याला विचारा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, ही पुस्तकाची की वाटते. पण १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक दहा आकड्यांवरून तेरा आकड्यांवर गेला, आणि आयएसबीएन येण्याआधी छापलेल्या मराठी पुस्तकांना तो नाहीच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तर अर्धं कपाट बिनआयएसबीएनचं निघेल.

या सगळ्या आकड्यांत सारखं काय आहे? त्यांचा मालक तुमच्या डेटाबेसबाहेर आहे. नंबर कधी द्यायचा, कधी बदलायचा, कधी काढून घ्यायचा हे टेलिफोन कंपनी, सरकारी खातं, प्रकाशक ठरवतात. प्रायमरी कीकडून एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा फक्त दोन गोष्टी मागते: मूल्य एकमेव असावं आणि रिकामं नसावं. तिसरी गोष्ट कुठल्याही नियमात लिहिलेली नाही, पण बाकी सगळी इमारत तिच्यावर उभी असते: मूल्य बदलू नये. जे तुमच्या हातात नाही, ते बदलणार नाही अशी हमी तुम्ही कुणाला देणार?

आळसाच्या आरोपाबद्दल एकच सांगते. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० च्या आपल्या मूळ निबंधात प्रायमरी की ही संकल्पना आणली. पुढे १९७९ मध्ये त्यांनीच यंत्रणेने तयार केलेल्या, वापरणाऱ्याला ज्याचं मूल्य ठरवता येत नाही अशा ‘सरोगेट’ची गरज मांडली. त्यांची कारणं आजही ताजी वाटतात. दोन कंपन्या एकत्र आल्या की कर्मचाऱ्यांचे क्रमांक बदलावे लागतात. एकाच गोष्टीला दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारच्या की असतात. आणि माणसाला क्रमांक मिळण्याआधी किंवा क्रमांक गेल्यानंतरही त्याची माहिती ठेवावी लागते: अर्जदार असतो, निवृत्त झालेला असतो. कालच जन्मलेलं, आधार नसलेलं बाळ याच तिसऱ्या कारणात बसतं.

‘बदललंच तर ऑन अपडेट कॅस्केड आहेच’

एक खरी घडलेली गोष्ट घेऊ, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या चेकबुकात घडली आहे. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. शाखांच्या टेबलाला यापेक्षा देखणी की कुठली? १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि सिंडिकेटच्या शाखांचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले. त्याच एप्रिलमध्ये आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. एका निर्णयासरशी हजारो ‘कधीच न बदलणाऱ्या’ की बदलल्या.

कॅस्केड इथे काय करेल? त्याच डेटाबेसमधल्या, फॉरेन की नीट लावलेल्या टेबलांत नवा कोड भरेल. पण ही सोय सगळीकडे नाही; ओरॅकलमध्ये ऑन अपडेट कॅस्केड मुळातच नाही. जिथे आहे तिथेही, एका शाखेला पाच लाख व्यवहार जोडलेले असतील तर त्या पाच लाख नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर पूर्ण होणाऱ्या, नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या कामात) बदलतील आणि तोवर लॉक होऊन राहतील, म्हणजे दुसऱ्या कुणाला बदलता येणार नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी नावाच्या साठवण-यंत्रणेत नोंदी प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवलेल्या असतात, त्यामुळे की बदलली की अख्खी नोंद उचलून दुसऱ्या जागी जाते. आणि डेटाबेसच्या भिंतीबाहेर कॅस्केडचा हात पोचत नाही. अकाउंट्स विभागाची एक्सेल, काल बँकेला पाठवलेली पेमेंट फाइल, दुसऱ्या सर्व्हरवरचं रिपोर्टिंगचं टेबल, गेल्या वर्षीचा बॅकअप, कोडच्या नावाने केलेले स्कॅनचे फोल्डर, सगळं जुन्या कीवर अडकून राहतं.

मला याहून जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. कॅस्केड इतिहास बदलतं. २०१८ मध्ये एखाद्या पालकाने भरलेली फी सिंडिकेटच्या कोडवरून आली होती. ते त्या दिवसाचं सत्य आहे आणि ऑडिटरला तेच हवं आहे. कॅस्केड फिरल्यावर टेबल सांगेल की २०१८ मधली ती फी कॅनराच्या कोडवरून आली, जो कोड त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. शाखेला स्वतःचा आयडी असेल तर शाखा तीच राहते, तिचा आजचा कोड एका कॉलममध्ये बदलतो, आणि व्यवहाराच्या नोंदीत त्या दिवशी वापरलेला कोड जसाच्या तसा राहतो.

नावांची की केली असेल तर यादी आणखी लांबते. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, उस्मानाबाद धाराशिव, अहमदनगर अहिल्यानगर. नावं बदलतात, बदलत राहतील, आणि ती बदलल्यावर तुमचं टेबल मोडू नये एवढीच अपेक्षा आहे.

‘आयडी नसला की जॉइन वाचतात’

काही ठिकाणी खरं आहे, आणि तिथे मी स्वतः आयडी लावत नाही. चलनाच्या टेबलाला आयएनआर, यूएसडी हे तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोडच की म्हणून चालतात. लहान यादी, सगळ्या जगाने मान्य केलेली, क्वचित बदलणारी, आणि वाचणाऱ्याला कोड पाहूनच अर्थ कळणारी.

भाच्याच्या मेसमध्येही एक टेबल असं आहे. कोणत्या सभासदाने कोणत्या तारखेला दुपारचं की रात्रीचं जेवण घेतलं. इथे सभासदाचा आयडी, तारीख आणि वेळ या तीन कॉलमांची मिळून प्रायमरी की करावी. एकाच कूपनवर दोन मित्र एकाच वेळच्या जेवणाला आले तर दुसरी नोंद टेबलच नाकारेल. तिथे चौथा आयडी कॉलम लावून काही मिळत नाही.

पण सरसकट वेगाचा दावा उलटाच पडतो. इनोडीबीमध्ये प्रत्येक दुय्यम इंडेक्समध्ये (इतर कॉलमांवरून शोधण्यासाठीच्या सूचीत) प्रायमरी कीचं मूल्य पुन्हा साठवलेलं असतं. एक कोटी नोंदींचं टेबल घ्या, त्यावर चार दुय्यम इंडेक्स. की बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, असेल तर ती ८ बाइटची. की रुंद असेल, उदाहरणार्थ अक्षरांत लिहून ठेवलेला यूयूआयडी, तर ३६ बाइट. नुसता फरक २८ बाइट, गुणिले चार, गुणिले एक कोटी: ११२ कोटी बाइट, म्हणजे एक जीबीहून जास्त जागा फक्त की रुंद असल्यामुळे. ती जागा डिस्कवर स्वस्त असेल, पण तीच सर्व्हरच्या मेमरीतही लागते, आणि मेमरीत न मावलेला इंडेक्स म्हणजे संथ क्वेरी. वाचलेल्या एका जॉइनचा फायदा त्यात विरून जातो.

‘आयडी लावायचाच तर यूयूआयडी लावा’

यात दोन वेगळे प्रश्न एकत्र केलेत.

पहिला सुरक्षेचा. रिपोर्टच्या पत्त्यात शेवटी ५०४१ असेल आणि ५०४२ टाइप केल्यावर दुसऱ्याचा रिपोर्ट उघडत असेल, तर दोष आकड्याचा नाही. समोरच्या माणसाला तो रिपोर्ट पाहायचा हक्क आहे का, हे सर्व्हरने तपासलेलंच नाही. यूयूआयडी लावला तर अंदाज बांधणं अवघड होईल, पण कुणी ती लिंक फॉरवर्ड केली की दार तसंच उघडं. आधी हक्क तपासा. त्यानंतर बाहेर दाखवण्यासाठी एक वेगळा, अंदाज न येणारा टोकन कॉलम ठेवावासा वाटला तर जरूर ठेवा. रोज किती ग्राहक वाढतात हे स्पर्धकाला आकड्यांवरून कळू नये, हे त्यासाठी चांगलं कारण आहे. आतली की मात्र साधी राहू द्या.

दुसरा प्रश्न आयडी कुठे तयार होतो याचा. मुळशी किंवा भोरच्या डोंगराळ वाड्यांत टॅबलेटवर सर्वेक्षण करणारी कार्यकर्ती दिवसभर नेटवर्कशिवाय नोंदी करते आणि संध्याकाळी त्या पाठवते. पुढचा क्रमांक विचारायला तिच्याजवळ सर्व्हरच नाही. इथे यूयूआयडी हे योग्य उत्तर आहे, आणि मी तेच वापरते. फक्त दोन काळज्या घ्या. तो १६ बाइटच्या स्वरूपात साठवा, ३६ अक्षरांत नको. आणि पूर्ण यादृच्छिक चौथ्या आवृत्तीऐवजी सातवी घ्या, जी मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात प्रमाणित झाली. तिच्या सुरुवातीच्या ४८ बिटांत मिलिसेकंदापर्यंतची वेळ असते, म्हणून नव्या नोंदी इंडेक्सच्या शेवटाजवळ जातात. चौथ्या आवृत्तीत त्या इंडेक्सभर विखुरतात आणि इंडेक्सची पानं भरून सारखी फुटत राहतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अठराव्या आवृत्तीत यूयूआयडीची सातवी आवृत्ती तयार करणारं फंक्शन अंगभूत आहे. ज्याच्या हाती ही की पडेल त्याला नोंद कधी झाली हेही वाचता येतं, हे लक्षात असू द्या.

नेटवर्क असलेल्या, एकाच डेटाबेसच्या मेससाठी बिगइंटचा आपोआप वाढणारा आयडी पुरतो. साधा इंट नको. तो २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे जात नाही, आणि चालत्या सिस्टिममध्ये तो संपण्याची वेळ आली की रात्री जागाव्या लागतात. बिगइंटमध्ये सेकंदाला हजार नोंदी केल्या तरी सुमारे २९ कोटी वर्षं पुरेल.

इथे एक उलट बाजूची चूकही सांगायला हवी, कारण ती मी मजकूर पाठवणाऱ्यांपेक्षा आयडीच्या भक्तांत जास्त पाहिली आहे. आयडी आहेच, तोच बिल नंबर म्हणून छापू, असं करू नका. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा. आपोआप वाढणारा आयडी सलग असण्याची हमी देत नाही. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी घेतलेला आकडा परत मिळत नाही आणि मध्ये खाच पडते. खाच पडणं ही आयडीची खोड नाही, एकाच वेळी अनेकांना आकडे वाटता यावेत म्हणून तो मुद्दाम तसा केलेला आहे. बिल नंबराचा कॉलम वेगळा ठेवा, त्याचे नियम वेगळे असू द्या.

‘आयडीमुळेच डुप्लिकेट होतात’

आता तो अर्धा खरा मुद्दा. प्रत्येक टेबलाला डोळे मिटून आयडी लावायचा आणि काम संपलं समजायचं, ही सवय मी शेकडो टेबलांत पाहिली आहे. मग एकच सभासद आयडी ४१, ४२ आणि ९०७ अशा तीन अवतारांत नांदतो, तिन्ही नोंदी टेबलाच्या दृष्टीने वेगळ्या, आणि एकाच माणसाची फी तीन ठिकाणी विखुरलेली. आयडीने फक्त एवढंच सांगितलं की ही नोंद त्या नोंदीहून वेगळी आहे. खऱ्या जगात त्या वेगळ्या आहेत का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. हा प्रश्न विचारायला लावणं हे या मजकुराचं काम चांगलं आहे.

उत्तर मात्र प्रायमरी की बदलण्यात नाही. एका टेबलाची प्रायमरी की एकच असते, पण युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तेच मूल्य पुन्हा येऊ न देणारे नियम, कितीही लावता येतात. शाखेच्या टेबलात आयडी प्रायमरी, आयएफएससीवर युनिक. बिलाच्या टेबलात आयडी प्रायमरी, आणि आर्थिक वर्ष, मालिका, क्रमांक या तिघांवर मिळून युनिक. डुप्लिकेट अडवण्याचं काम युनिक कन्स्ट्रेंट तितक्याच सक्तीने करतो. उद्या नियम बदलला तर तो काढून दुसरा लावता येतो, आणि दहा टेबलांना धक्का लागत नाही. जाता जाता: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये एका कॉलमवरच्या युनिकला कितीही नल, म्हणजे रिकामी मूल्यं, चालतात, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच चालतो. ‘ईमेल असलाच तर एकमेव असावा’ असा नियम लिहिताना हे पाहून घ्या.

आणि नैसर्गिक कीने, म्हणजे मोबाइल, नाव अशा खऱ्या जगातल्या कीने, डुप्लिकेट थांबतात हे तरी खरं का? खडकवासल्याजवळच्या गोऱ्हे बुद्रुकचं नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) एक अखंड चिन्ह म्हणून लिहिता येतो, र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तसाच आकार पडद्यावर उमटतो. डोळ्यांना तिन्ही सारखे. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत ती तीन वेगळी मूल्यं आहेत. गावाचं नाव प्रायमरी की केलंत तर एकच गाव तीनदा भरता येईल, आणि टेबल एका शब्दाने हरकत घेणार नाही. मोबाइल नंबरही कुणी देवनागरी आकड्यांत भरतं, कुणी इंग्रजी, कुणी पुढे +९१ लावून, कुणी शून्य लावून. साठवण्याआधी मूल्य एकाच साच्यात आणणं हे काम दोन्ही पद्धतींत करावंच लागतं.

लॅबमध्ये तर मोबाइल नंबर प्रायमरी की असल्यामुळेच डुप्लिकेट तयार होत होत्या. अडवलं की माणूस वाट काढतो. त्याच्याकडे खरं उत्तर नसेल तर तो खोटं भरतो, आणि खोटं भरलेलं मूल्य एकमेव असतंच, त्यामुळे कुठलाही नियम ते पकडत नाही. शेवटचा आकडा एकाने वाढवलेला प्रत्येक नंबर हा एकमेव होता.

आम्ही शेवटी केलं ते असं. रुग्णाच्या टेबलाला बिगइंटचा आयडी. मोबाइल नंबर वेगळ्या टेबलात, तिथे रुग्णाचा आयडी आणि नंबर मिळून प्रायमरी की, शेजारी नातं. एका नंबरावर कितीही माणसं, एका माणसाचे कितीही नंबर. रुग्णाच्या टेबलात मोबाइलवर युनिक नाही, नाव आणि जन्मतारखेवरही नाही, कारण एकाच दिवशी जन्मलेल्या एकाच नावाच्या दोन व्यक्ती पुण्याएवढ्या शहरात सापडणारच. इथे डुप्लिकेट अडवायला टेबलाकडे खरा नियमच नाही, हे आम्ही मान्य केलं आणि काम स्क्रीनवर नेलं. ताई नंबर टाइप करतात, त्या नंबरावरची सगळी माणसं वयासकट समोर येतात, आणि त्या विचारतात, ‘आज कुणाचं रक्त द्यायचंय?’ तरीही एखादी व्यक्ती दोनदा नोंदली गेली तर दोन नोंदी जोडायची सोय आहे: एक आयडी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, रिपोर्ट एकत्र दिसतात, आणि चुकून जोडलं असेल तर सोडवताही येतं. ही सोय आयडी वेगळा आहे म्हणूनच शक्य झाली.

आधीच एकमेकांत मिसळलेल्या नोंदींसाठी अशी कुठलीच सोय नव्हती. आम्ही दोघी जणी आठ आठवडे जुन्या पावत्या, वय, तपासणीचा प्रकार आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव असं एकेक ताडून पाहत होतो. त्या घरातला पीएसएचा रिपोर्ट लगेच मार्गी लागला, कारण तो आजोबांचाच असू शकत होता. साखरेचे सात रिपोर्ट मात्र आजींचे की आजोबांचे, हे कशावरूनच ठरेना. लॅबने त्या घरी फोन करून ते दोघांच्याही फाइलमधून काढल्याचं कळवलं, आणि दोघांनाही पुन्हा बोलावून साखर नव्याने तपासून दिली.